पद्माअक्कांचे दोन पांढरे

भिंतीला स्वतःचा रंग नसतो. तो सकाळी उजेडाबरोबर खोलीत येतो आणि दिवेलागणीला निघून जातो. हे वाक्य मी गिऱ्हाइकासमोर कधी उच्चारत नाही. उच्चारले, तर ते दुसरी सल्लागार शोधील.

माझा व्यवसाय समजावून सांगणे तसे अवघडच. रंग विकणारा लोकांना ठाऊक असतो, रंग लावणारा ठाऊक असतो. या दोघांच्या मधे उभे राहून ‘कोणता’ हे ठरवायला मदत करणारी बाई मात्र पटकन डोळ्यांपुढे येत नाही. आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला एकदा एका बाईंनी विचारले, “म्हणजे तुम्ही नेमकं काय करता?” मी म्हटले, “दोन पांढऱ्यांमधला एक निवडून देते.” त्यांनी वाण हातात धरूनच माझ्याकडे पाहिले. “त्याला वेगळं माणूस लागतं?”

लागते. मी सांगलीला मराठी कविता शिकले. कवीने ‘काळा’ न म्हणता ‘सावळा’ का म्हटले असावे, यावर आमचा एक अख्खा तास गेलेला मला आठवतो. लग्नानंतर बेंगळुरूला आले, तेव्हा स्वतःच्या घरासाठी रंग घ्यायला यशवंतपूरच्या घाऊक बाजारात गेले आणि दोन हिरव्यांवरून दुकानदाराशी इतका वेळ वाद घातला, की त्याने मला नोकरीच देऊ केली. मला त्यात फारसे नवल वाटले नाही. काळा आणि सावळा यांच्यामध्ये जिने तास काढला, तिला दोन पांढऱ्यांमध्ये सकाळ काढणे जड जात नाही.

कामाची रीत साधी आहे. नखाएवढ्या छापील कार्डावरून रंग ठरवू नये. हातभर रुंद प्लायवूडच्या फळीवर त्या रंगाचे दोन हात द्यायचे, वाळू द्यायचे आणि ती फळी त्याच खोलीत, त्याच भिंतीवर टांगायची. सकाळी पाहायची, भर दुपारी पाहायची, दिवा लावून पाहायची. दोन फळ्या एका वेळी मात्र टांगायच्या नाहीत. शेजारी ठेवलेल्या रंगांना फक्त एकमेकांचे उणे दिसते. एकटा ठेवलेला रंग हळूहळू बोलू लागतो. शिवाय जुन्या बेंगळुरूच्या घरांत जमीन गुळगुळीत लाल असते. तिचा लालिमा वर चढून भिंतीच्या खालच्या भागात मिसळतो. फाल्गुनाच्या आसपास रस्त्यावरची गुलाबी झाडे फुलली, की काही घरांची छतेदेखील आठ-पंधरा दिवस लाजल्यासारखी दिसतात. मालकांना वाटते, रंग बिघडला. मी सांगते, थांबा, फुले गळू द्या.

माणसे तऱ्हेतऱ्हेची भेटली. नागपूरहून आलेला एक तरुण प्रत्येक फळीचे तीन फोनांवर फोटो काढायचा आणि तिन्हींची सरासरी खरी मानायचा. त्याच्या बैठकीचा रंग अजून ठरलेला नाही. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या खोलीची भगवट भिंत आम्ही फिक्या हिरव्या रंगाने झाकली, तर तिथल्या बायका विचारू लागल्या, पंखे दुरुस्त केले का? पंखे तेच होते. अशा वेळी मला माझ्या धंद्याचा अभिमान वाटतो आणि थोडी भीतीही. डोळ्याला जे दिसते, ते अंगाला जाणवते. आणि डोळ्याला काय दिसते, हे तर आपल्यापैकी कोणालाच दुसऱ्याच्या बाबतीत सांगता येत नाही. हे शेवटचे मी पद्माअक्कांकडे शिकले.

बनशंकरीतल्या त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे एके काळचे मॅचिंग सेंटर. साडीला जुळणारा ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल. दुकान बंद होऊन दोनेक वर्षे झाली होती, तरी लाकडी काउंटर तसाच होता आणि रिकाम्या कप्प्यांतून कोऱ्या कापडाच्या खळीचा आणि डांबरगोळ्यांचा वास येत होता. पद्माअक्कांचे घराणे किती पिढ्यांपूर्वी मराठी मुलखातून इकडे आले, ते त्यांनाही नीट ठाऊक नाही. त्यांच्या मराठीत कन्नड असे मुरलेले, की दोन्ही वेगळे काढता येऊ नये. त्यांची सून केतकी पुण्याची, एका कंपनीत संगणकाचे काम करणारी. मला तिनेच बोलावले होते. अक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात, डाव्याची नंतर. त्यानंतर धूळ नको, म्हणून अक्कांची खोली आधीच रंगवून घ्यावी असा बेत होता.

केतकीने निवड दोन पांढऱ्यांपर्यंत आणली होती. बादलीभर पांढऱ्यात निळीचा थेंब पडावा असा एक, आणि पिवळ्या मातीची चिमूट पडावी असा दुसरा. मी कार्डे काढताच अक्कांनी हात आडवा केला.

“ते नको दाखवू गे. एवढ्याशा तुकड्यावरून कोणी रंग ठरवतं का? कापड उलगडावं लागतं.”

मी फळ्या आणल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले. “सरी, बरं झालं. आणि तो ट्यूब बंद कर. ट्यूबखाली जुळवलेलं दारात गेलं, की भांडायला लागतं. मी तर गिऱ्हाइकाला पायरीवर न्यायची, उजेडात. पायरीवर जुळलं तर जुळलं.”

माझ्या धंद्याची अख्खी पोथी त्यांनी दोन वाक्यांत म्हणून दाखवली होती. अक्कांच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीसमोरच्या भिंतीवरच्या खिळ्याला मी पहिली, निळीच्या थेंबाची फळी टांगली.

अक्का पुढे झाल्या. चेहरा फुलला. “मल्लिगे! सकाळी फुलवाली ओलं फडकं बाजूला करते ना, खालून जो मोगरा दिसतो, तो.”

“आई, हा निळा आहे,” केतकी म्हणाली. “अगदी हॉस्पिटल.”

मी फळी उतरवून दुसरी लावली. अक्कांनी नाक मुरडले. “हा? याच्यावर चहा सांडलाय.”

“तो क्रीम आहे, आई. किती शांत वाटतोय.”

“अख्खी बनशंकरी माझ्या पायरीवर रंग जुळवून गेली. तू मला निळा आणि पांढरा शिकव आता.”

केतकी काही बोलणार होती. ती माझ्याकडे पाहून थांबली आणि कॉफी करायला आत गेली. तिने गिळलेले वाक्य काय होते, ते मला तेव्हा कळले नाही.

एवढे मात्र कळत होते, की खोटे कोणीच बोलत नव्हते. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळे, मग तपकिरी होत जाते. फिक्या चहाच्या पेल्यातून जग पाहावे तसे. निळा त्यात विरतो. म्हणून निळसर पांढरा अक्कांना शुभ्र दिसत होता आणि पिवळसर पांढरा डागाळलेला. हे इतके सावकाश होते, की पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. डोळा रोज स्वतःची समजूत घालत राहतो. शस्त्रक्रियेत ते भिंग काढून नवे, स्वच्छ भिंग बसवतात. आणि आठवड्याने जो डोळा उरणारच नव्हता, त्याच्या पसंतीने आम्ही त्यांची पुढच्या आयुष्याची खोली रंगवणार होतो.

आतून कपबशांचा आवाज येताच अक्कांनी माझे मनगट धरले. हात कापडासारखा मऊ होता, पकड नव्हती.

“खरं सांग. माझं चुकतंय का?”

“तुम्हाला जे दिसतंय, तेच तुम्ही सांगताय, अक्का. पण महिन्याभरानं या खोलीत तुमच्या जागी दुसरीच कोणी बघणार आहे. तिला न विचारता तिची खोली रंगवू नये, असं मला वाटतं.”

त्या खिडकीकडे वळल्या. “ती माझं ऐकेल का?”

“ते मला नाही सांगता येणार.”

“मग स्वल्प थांबू,” त्या म्हणाल्या आणि मनगट सोडले.

डॉक्टरांना विचारून बेत बदलला. आधी उजवा डोळा. मग अक्का काही दिवस यशवंतपूरला बहिणीकडे राहतील, त्या काळात खोली रंगवायची. मग डावा डोळा. मुनिअण्णा हा माझा नेहमीचा रंगारी. त्याला नवी तारीख कळवली, तेव्हा तो कन्नडात म्हणाला, “मॅडम, दोन्ही पांढरेच की. माझ्या माणसांना सांगू काय? चहा सांडलेला, का न सांडलेला?”

महिनाभराने केतकीचा फोन आला. “मृणालताई, आजच येऊ शकाल? ऑपरेशन छान झालं. पण आई कालपासून बोलतच नाहीयेत.”

अक्का पुढच्या खोलीत, काउंटरच्या मागे बसल्या होत्या. दुकान उघडे असावे तशा. समोर ट्रंक उघडी आणि काउंटरवर उरलेल्या ब्लाऊजपिसांचे गठ्ठे. त्या एक तळवा वाटीसारखा करून कधी उजव्या डोळ्यासमोर धरत, कधी डाव्या. मला पाहून एवढेच म्हणाल्या, “फळ्या लाव.”

आम्ही त्यांच्या खोलीत गेलो. पहिली फळी खिळ्याला टांगली. त्यांनी डावा डोळा झाकला.

“अय्यो! निळा. केवढा निळा!”

तळवा उजव्या डोळ्यावर गेला. आवाज उतरला. “मल्लिगे.”

पुन्हा डावा झाकला. “निळा.” पुन्हा उजवा. “मल्लिगे.”

एवढी वर्षे मी एका माणसाला दोन रंग दाखवत आले. एकच रंग दोघींना दिसावा आणि त्या दोघी एकाच देहात, एकाच स्टुलावर बसलेल्या असाव्यात, हे मी प्रथमच पाहत होते. मधली भिंत फक्त नाकाच्या दांडीएवढी. कवितेच्या वर्गात आम्ही ‘दृष्टी’ हा शब्द किती सैल हाताने वापरत होतो, ते आठवून मला संकोच वाटला.

दुसरी फळी लावली. जुन्या डोळ्याला तो चहाच होता. नव्या डोळ्याने त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या. “लोणी. पाण्यात ठेवलेला गोळा असतो ना, तसं.” मग मोठ्याने हसल्या. “बघा! सून बरोबर निघावी म्हणून का मी डोळा बदलला?”

हसू मधेच थांबले. त्या उठल्या आणि मला हाताला धरून पुन्हा काउंटरपाशी घेऊन आल्या. एक गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. “हे माझं काळं. मीच बांधलेलं. यात काळं कुठलं ते दाखव.”

मी एकेक तुकडा उलगडत गेले. काळे होते. त्यांच्यात गडद निळेही होते, आणि एक बाटलीच्या काचेसारखा हिरवा.

“मी हे सगळं काळं म्हणून दिलं गे,” त्या म्हणाल्या. “सरोजा, माझं जुनं गिऱ्हाईक, यायची बंद झाली. मग तिची जाऊ. मुलगा म्हणाला, अम्मा, सगळ्या आता मोबाइलवर मागवतात. मी मानलं. मोबाइलला शिव्या घातल्या.” त्यांनी निळा तुकडा बोटांत चुरगाळला. “माझ्या हातचं चुकीचं अंगावर घालून किती जणी लग्नाकार्याला गेल्या असतील? आणि एकीनं तोंड उघडलं नाही. जुळवणं एवढंच तर येत होतं मला. तेही कधी गेलं, कळलं नाही.”

रस्त्यावरून रिक्षा गेली, तिचा आवाज कप्प्याकप्प्यांतून फिरला.

“मी पण गेलेय तसं,” दारातून केतकी म्हणाली.

अक्कांनी मान वळवली.

“माझ्या पहिल्या वरमहालक्ष्मीच्या सणाला तुम्ही मला वांगी रंगाची साडी दिलीत. ब्लाऊजपीस स्वतः पायरीवर उभं राहून जुळवलात. तो तपकिरी आहे, आई.”

“आणि तू तो घातलास?”

“दर वर्षी घालते.”

“कोणी हसलं नाही?”

“ऑफिसमधल्या दोघी म्हणाल्या, काय मस्त कॉन्ट्रास्ट आहे.”

मला हसू आवरले नाही. अक्कांना आले नाही. “मला सांगायला काय झालं होतं?”

“सांगितलं असतं, तर तुम्ही त्याच दिवशी दुकान बंद केलं असतं.”

“दुकान बंदच झालं की.”

केतकी काउंटरच्या आत आली आणि उलगडलेल्या तुकड्यांच्या घड्या घालू लागली. काळे एकीकडे, निळे एकीकडे. थोड्या वेळाने अक्काही घालू लागल्या. सासू-सुनांच्या बोटांची ती हालचाल मी पाहत राहिले. तिथे माझे काहीच काम नव्हते, म्हणून निघाले. पायरीपर्यंत पोहोचले, तेव्हा मागून आवाज आला.

“मृणाल. लोणी लाव. त्या दुसरीला तोच आवडलाय.”

मुनिअण्णाने खोली रंगवली. आमच्या कामात पुष्कळदा हळहळ वाटते, ती एका गोष्टीची: रंग लागला की आमची गरज संपते, आणि ज्या भिंतींसाठी इतका जीव टाकला, त्यांचे पुढे काय झाले हे दिसत नाही. इथे मात्र मी आपणहून पाहायला गेले. सकाळचे ऊन लाल जमिनीवर पडले होते आणि तिथून भिंतीवर चढत होते. खाली किंचित केशरी, मधे लोण्याचा, छताजवळ जवळजवळ काहीच नाही, नुसता श्वास. मुनिअण्णाही क्षणभर ब्रश धुवायचा थांबला. “सांडलेलाच बरा दिसतो, मॅडम,” तो म्हणाला.

डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी अक्कांनी स्वतः फोन केला.

“येताना ती पहिली फळी आण.”

“निळी?”

“तुझी निळी. उद्या हा डोळा जातो गे. त्याला जायच्या आधी त्याचा पांढरा एकदा दाखवू दे.”

दुपार कलली होती. नव्या भिंतीवर जुना खिळा मुनिअण्णाने कोणाला न विचारता तसाच ठेवला होता. मी फळी टांगली आणि बाजूला झाले. अक्का स्टुलावर बसल्या, उजवा तळवा वाटीसारखा करून नव्या डोळ्यासमोर धरला. त्यांच्या अंबाड्यातल्या मल्लिगेचा वास आणि रंगाचा शिळा होत चाललेला वास एकमेकांत मिसळला होता.

“तुला निळा दिसतो ना?” त्यांनी विचारले.

“हो, अक्का.”

“केतकीलाही?”

“तिलाही.”

“म्हणजे हा पांढरा आता माझ्याबरोबरच संपला.”

मी त्या फळीकडे पाहत राहिले. डोळे बारीक केले, एक मिटला, मग दुसरा. तिच्यात मोगरा शोधला. निळा हलेना. रंगांना शब्द देणे हा माझा उदरनिर्वाह. आणि माझ्यापासून हातभर अंतरावर, मीच बनवून आणलेल्या फळीवर एक पांढरा रंग होता, जो मला कधीही दिसणार नव्हता. पुढे कुणालाही दिसणार नव्हता. त्याला या जगात एकच साक्षीदार होता, आणि तो उद्या सकाळी जाणार होता. मी देवळात उभी राहते, तशी तिथे उभी राहिले.

“आई, कॉफी,” केतकी म्हणाली.

ती दारात उभी होती. हातात स्टीलचा पेला, अंगावर वांगी रंगाची साडी आणि तो ब्लाऊज. सण नव्हता, कोणाचे काही नव्हते. ऑफिसातून आल्याआल्या तिने कपडे बदललेले दिसत होते. निऱ्या घाईने घातलेल्या होत्या.

अक्कांनी डोळ्यापुढचा तळवा न काढता तिच्याकडे पाहिले. किती तरी वेळ पाहिले. मग उठल्या.

“इथे नको. उजेडात ये.”

रिकाम्या दुकानातून, काउंटरला हाताने चाचपत, त्या पुढे गेल्या. मागून केतकी, तिच्यामागे मी. पायरीवर पश्चिमेचे ऊन आले होते. केतकीने पेला काउंटरवर ठेवला आणि पायरीवर उभी राहिली, गिऱ्हाईक उभे राहते तशी, सरळ, हात किंचित अंगापासून दूर. अक्कांनी डाव्या हाताने तिचा पदर उचलला आणि बाहीला लावला. चिमटीत धरून उन्हाकडे वळवला, पुन्हा सावलीकडे. मला दिसत होते ते वांगी आणि तपकिरी, एकमेकांपासून स्वच्छ वेगळे.

“जुळलं,” त्या म्हणाल्या. “धागा न् धागा जुळलाय गे.”

“म्हणून तर नेसले,” केतकी म्हणाली. “आता हात काढा, आई. दुखेल.”

“स्वल्प थांब.”

काउंटरवरच्या कॉफीची वाफ विरली. समोरच्या घराची सावली रस्ता ओलांडून पायरीला टेकली. पदर अजून त्यांच्या चिमटीत होता, आणि तळवा त्यांनी काढला नव्हता.